गाईडची सही

या अंकाचा विषय ठरला तेव्हा आमच्या बैठकीत पहिला आवाज विरोधाचा उठला. ‘ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईचं गर्भाशय, घरकामगार बाईची पगारी सुट्टी, परित्यक्तेची पोटगी, हे सारं बाजूला ठेवून आपण आता इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करणाऱ्या मुलींवर अग्रलेख लिहायचा का?’ असं एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. या मुली शिकलेल्या, बहुतेक शहरात राहणाऱ्या, दरमहा हातात काही रक्कम पडणाऱ्या. त्यांचं दुःख आपल्या मोर्च्यात कुठं बसतं, हे पटकन सांगता येत नाही.

पण गेल्या वर्षभरात आमच्या सल्ला केंद्रात अशा तिघीजणी आल्या. तिघी वेगवेगळ्या संस्थांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. तिघींचं पहिलं वाक्य मात्र जवळपास एकच होतं : ‘हे तक्रार करण्याजोगं आहे का, एवढंच सांगा.’ नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाईदेखील पहिल्या दिवशी हेच विचारते, हे आपल्यापैकी जिनं जिनं केंद्रात बसून ऐकलं आहे तिला ठाऊक आहे. म्हणून हा विषय.

पीएच.डी. म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथालय येतं, टेबलावर पुस्तकांचा ढीग येतो. इंजिनिअरिंगमधलं संशोधन तसं नाही. ते हातापायांचं, यंत्रांचं आणि घड्याळाचं काम आहे. सिव्हिलमध्ये काँक्रीटवर संशोधन करणारी मुलगी घ्या. दीडशे मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा एक क्यूब सुमारे आठ किलोंचा भरतो. असे डझनावारी क्यूब ओतायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढायचे, पाण्यात ठेवायचे आणि बरोबर सातव्या नि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली चिरडून त्यांची ताकद मोजायची. अठ्ठाविसावा दिवस लक्ष्मीपूजनाला आला, घरी नणंदेचं केळवण असलं किंवा मुलाला ताप असला, तरी क्यूब थांबत नाही. तो दिवस हुकला तर महिन्याभराचं काम पुन्हा पहिल्यापासून.

कॉम्प्युटर सायन्समध्ये वजन उचलायचं नसतं, तिथं तारीख उरावर असते. या विषयातलं नावाजलेलं संशोधन नियतकालिकांपेक्षा आंतरराष्ट्रीय परिषदांमधून प्रसिद्ध होतं आणि परिषदांच्या डेडलाइन वर्षातून ठरावीक वेळा येतात. पुष्कळदा ही डेडलाइन पृथ्वीवर जिथं तारीख सगळ्यात शेवटी बदलते तिथल्या मध्यरात्रीची धरतात. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, साडेपाच. त्या आधीची सबंध रात्र आणि सबंध दिवस लॅबमध्ये जातो. जो हॉस्टेलवर राहतो, ज्याचा डबा मेसमधून येतो नि ज्याची वाट कुणी पाहत नाही, त्याला हे जमतं. सातची लोकल पकडून घरी जाऊन कुकर लावणारीला जमत नाही. मग ‘तिच्यात जिद्द कमी’ असा शेरा बसतो. हे कामाचं वेळापत्रक ज्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखलं गेलं त्याला घर नव्हतं, किंवा घर सांभाळणारी दुसरी कुणीतरी होती, ही गोष्ट त्या शेऱ्यात कुठंच येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कारखान्यात मुकादम वेगळा, मॅनेजर वेगळा, मालक वेगळा, पगारपत्रक करणारा कारकून वेगळा. एकानं छळलं तर दुसऱ्याकडे निदान जाता तरी येतं. संशोधक विद्यार्थिनीच्या आयुष्यात ही सगळी माणसं एकाच खुर्चीत बसलेली असतात. विषय मंजूर करतो गाईड. सहा महिन्यांच्या प्रगती अहवालावर सही करतो गाईड. फेलोशिपच्या हजेरीपत्रकावर सही गाईडची. यंत्र ज्या प्रोजेक्टच्या पैशातून आलं तो प्रोजेक्ट गाईडचा. पेपरवर कुणाचं नाव पहिलं, कुणाचं तिसरं, कुणाचं अजिबात नाही, हे ठरवतो गाईड. प्रबंध ‘तयार झाला’ असं तो म्हणेल तेव्हाच तो तयार होतो. परीक्षकांची नावं सुचवतो तोच. आणि हे सारं पार पडल्यावर नोकरीसाठी जे शिफारसपत्र लागतं, तेही त्याचंच. चार-पाच-सात वर्षं एका प्रौढ बाईचं पोट, विद्या आणि भविष्य एका सहीला बांधलेलं राहतं.

सगळे गाईड वाईट नसतात. स्वतःचा पेपर बाजूला ठेवून विद्यार्थिनीचा पेपर रात्रभर तपासणारे, बाळंतपणानंतर तिला हाताला धरून परत आणणारे शिक्षक आमच्या माहितीत आहेत. त्यांत पुरुष आहेत, बायकाही आहेत. आणि छळणाऱ्यांतही बायका आहेत. ‘मी सोसलं, तू सोस’ हा सासूचा न्याय प्रयोगशाळेतही चालतो. पण चांगला गाईड मिळणं हे आज चांगला नवरा मिळण्यासारखं नशिबावर सोपवलेलं आहे. नशिबावर सोपवलेल्या गोष्टींविषयी आपली चळवळ काय म्हणते, ते वाचकांना नव्यानं सांगायला नको.

आमच्याकडे आलेल्या तिघींपैकी एकीचा साखरपुडा झाल्याचं गाईडला कळलं. त्याच आठवड्यात तिच्याकडचा अवघड, महत्त्वाचा प्रश्न काढून घेऊन लॅबमधल्या एका मुलाला दिला गेला. ‘तुझ्यावर आता ताण नको’ असं वर सांगण्यात आलं. दुसरीनं दीड वर्ष खपून लिहिलेल्या प्रोग्रामवर आधारलेला पेपर छापून आला तेव्हा त्यात तिचं नाव चौथं होतं. बाकी तिघांतल्या एकानं त्या प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नव्हती. लॅबमधल्या पाहुण्यांच्या चहापाण्याची नि परिषदेतल्या स्वागताची जबाबदारी मात्र नेहमी तिच्याकडे पहिली. तिसरीला रात्री अकरानंतर मेसेज येत. सुरुवात अहवालापासून व्हायची, मग ‘आज निळा रंग छान दिसत होता’पर्यंत जायची. तिनं उत्तर द्यायचं थांबवलं तेव्हा प्रगती अहवाल टेबलावर पडून राहू लागला. कुणी तिला एक शब्द वावगा बोललं नाही. नुसती सही होत नव्हती.

कमला सोहोनींची हकीकत आपल्यापैकी बऱ्याच जणींनी वाचली असेल. तेव्हाच्या कमला भागवत १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी धरणं धरलं तेव्हा प्रवेश मिळाला तो अटी घालून : एक वर्ष उमेदवारीवर, काम समाधानकारक वाटलं तरच मान्यता, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं आणि त्या संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. पुढे १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांचा विषय जीवरसायनशास्त्र, इंजिनिअरिंग नव्हे. पण इंजिनिअरिंगचं चित्र याहून वेगळं नव्हतं. मद्रासजवळच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेल्या ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरात तान्ही मुलगी असलेल्या. वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते म्हणून दार उघडलं गेलं. वडील तिथं नसते तर?

कमलाबाईंची उमेदवारी एका वर्षात संपली, कारण ती कागदावर लिहिलेली होती. आजची लिहिलेली नाही, म्हणून ती संपतही नाही. लग्न होणार का, झालं तर नवरा कुठं, मूल कधी, हे प्रश्न मुलाखतीत उघड विचारले नाहीत तरी समितीच्या डोक्यात असतात. ‘मागच्या वेळी एक मुलगी घेतली होती, ती मध्येच सोडून गेली’ हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की ती एकच मुलगी साऱ्या महाराष्ट्रातून सोडून गेली असावी असं वाटतं. मध्येच सोडून गेलेल्या मुलांचा असा हिशेब कुणी ठेवत नाही.

आकडे पाहिले तर वरवर सगळं उत्साहाचं दिसतं. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात पीएच.डी. करणाऱ्या स्त्रिया २०१४-१५ मध्ये सुमारे ४८ हजार होत्या, त्या २०२१-२२ मध्ये सुमारे ९९ हजारांपर्यंत गेल्या. त्या वर्षी एकूण संशोधक होते २ लाख १३ हजार. म्हणजे साऱ्या विषयांचा मिळून हिशेब निम्म्याच्या जवळ आला. आय.आय.टी.मध्ये बी.टेक.च्या वर्गात शंभरात आठ-नऊ मुली असत. २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण केल्या, तेव्हा दोन-तीन वर्षांत ते प्रमाण विसाच्या आसपास आलं. ‘मुलींना इंजिनिअरिंगची आवड नसते’ असं सांगणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे आहे. दार रुंद केलं, मुली आल्या. मात्र ही तरतूद बी.टेक.पुरती होती. वर संशोधनाकडे जाताना कोण गळतं, ते जातीच्या अंगानंही पाहावं लागेल. २०१५ ते २०१९ या काळात आय.आय.टी.मध्ये पीएच.डी.ला घेतलेल्या २५ हजारांत अनुसूचित जातींचे सुमारे ९ टक्के होते, तर अनुसूचित जमातींचे जेमतेम २ टक्के. राखीव जागा १५ आणि साडेसात टक्के असताना ही स्थिती. दलित, आदिवासी बाईसाठी गाईडची खुर्ची दुप्पट उंच असते.

आणि या मुलामुलींनी फेलोशिप वेळेवर मागितली की ऐकून काय घ्यावं लागतं? डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात ‘सारथी’च्या फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा राज्याच्या तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. आमदारकीसाठी कुणी असा सवाल केल्याचं आमच्या स्मरणात नाही.

नियम नाहीत असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ साली आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नियम काढले. (आय.आय.टी.सारख्या संस्थांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात; विद्यापीठं आणि त्यांना जोडलेली कॉलेजं आयोगाच्या नियमांखाली येतात.) त्यानुसार स्त्रियांना पीएच.डी.च्या सबंध काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते, आणि प्रबंध पूर्ण करायला दोन वर्षं जादा मिळतात. हे मिळवायला बायकांना झगडावं लागलं आहे, त्याचं मोल आम्ही कमी लेखत नाही. पण नियम नीट वाचा. मूल वाढवणं हे काम तिचंच, असं गृहीत धरून ते लिहिलेले आहेत. बाप झालेल्या संशोधकाचा उल्लेख नाही. शिवाय मुदत वाढली तरी पैसा वाढत नाही. राष्ट्रीय परीक्षा देऊन मिळणारी फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७ हजार आणि नंतर ४२ हजार झाली, पण ती मिळते एकूण पाचच वर्षं. म्हणजे बाळंतपणामुळे लांबलेली सहावी-सातवी वर्षं तिनं नवऱ्याच्या किंवा बापाच्या जिवावर काढायची. ज्या बाईला ना नवऱ्याचा आधार ना बापाचा, तिच्यासाठी ती दोन वर्षं कागदावरच राहतात.

त्याच २०२२ च्या नियमांत एक कलम आहे, ज्याकडे आमचं लक्ष एका विद्यार्थिनीनंच वेधलं. लग्नामुळे किंवा इतर कारणानं संशोधक स्त्री दुसऱ्या गावी जात असेल, तर तिला आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येईल, असं ते म्हणतं. वाचून बरं वाटतं. लग्न झालं की जागा बाईनंच बदलायची हे आयोगालाही मान्य दिसतं, पण निदान काम वाया जाणार नाही. पुढची ओळ वाचली की हे समाधान ओसरतं : ते काम मूळ संस्थेला किंवा गाईडला मिळालेल्या अनुदानाच्या प्रोजेक्टचा भाग असता कामा नये. साहित्याच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थिनीला ही अट फारशी नडणार नाही. इंजिनिअरिंगमध्ये मात्र मोठं काम बहुतेक प्रोजेक्टच्या पैशावरच चालतं. यंत्र त्यातलं, सामान त्यातलं, पुष्कळदा तिचा स्टायपेंडही त्यातलाच. म्हणजे सवलत दिली, आणि जिथं ती सगळ्यात जास्त लागते तिथंच काढून घेतली. बाई गाव बदलते तेव्हा तिच्या पाच वर्षांच्या मोजमापांच्या वह्या गाईडच्या कपाटात राहतात. माहेरून निघताना दागिने ठेवून जावे लागतात, तसं.

अशा वेळी बायका काय करू शकतात? इथं एका जुन्या कागदाची ओळख करून द्यावीशी वाटते. अमेरिकेत बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज गावात एम.आय.टी. ही जगप्रसिद्ध संस्था आहे. तिथल्या कॉम्प्युटर सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दोन प्रयोगशाळांतल्या विद्यार्थिनींनी आणि संशोधक स्त्रियांनी मिळून फेब्रुवारी १९८३ मध्ये एक अहवाल तयार केला. कुणा समितीनं नेमलं म्हणून त्या लिहायला बसल्या नव्हत्या. आपसांत बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं की जे प्रत्येकीला आपलं एकटीचं वाटत होतं ते सगळ्यांचंच आहे. तांत्रिक चर्चेत आपण बोललो की ऐकू न आल्यासारखं होतं. तेच पुरुष बोलला की माना डोलतात. प्रयोगशाळेत बसलेली बाई म्हणजे सेक्रेटरीच, असं पाहुणा गृहीत धरतो. कामाविषयी विचारायला जावं तर बोलणं कपड्यांवर जातं. तिला इथं प्रवेश मिळाला तो बाई म्हणून, अशी कुजबुज असते. नको असलेली सलगी असते, भिंतीवरची चित्रं असतात. हे सारं त्यांनी प्रसंग देऊन, नावं न देता, एकत्र मांडलं. यातलं पुष्कळसं वागणं जाणूनबुजून केलेलं नसतं आणि सुटं पाहिलं तर क्षुल्लक वाटतं, पण रोज साचत गेलं की माणूस स्वतःच्या बुद्धीवरच शंका घेऊ लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तक्रार करून त्या थांबल्या नाहीत. प्राध्यापकांनी काय करावं, बरोबरीच्या मुलांनी काय करावं, हेही लिहून दिलं.

आपल्याकडच्या जाणीवजागृती गटांची ही रीत. भिंतीला टेकून बसायचं, एकीनं बोलायचं, दुसरीनं ‘माझंही असंच’ म्हणायचं. जगातल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या मुलींनाही शेवटी त्याच रीतीनं बसावं लागलं, याचं आम्हांला नवल वाटलं आणि थोडा अभिमानही.

त्या अहवालानं सगळं बदललं असा भाबडा समज नको. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांमध्ये १९८४ च्या सुमारास ३७ टक्के स्त्रिया होत्या. पुढच्या पंचवीस वर्षांत हे प्रमाण निम्म्यावर घसरलं. पुढे जाणं आपोआप होत नाही, आणि मिळालेलं टिकतंही नाही, हे यावरून दिसतं. पण त्याच एम.आय.टी.मधल्या संशोधक विद्यार्थ्यांनी एप्रिल २०२२ मध्ये मतदान करून आपली कामगार संघटना स्थापन केली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ४८ हजार शैक्षणिक कामगारांनी संप केला, त्यात संशोधक विद्यार्थी मोठ्या संख्येनं होते. ‘आम्ही शिकतो हे खरं, पण आमच्या कामावर ही संस्था चालते, म्हणून आम्ही कामगारही आहोत’ ही त्यांची भूमिका. आपल्या ओळखीच्या घरांतून तिकडे गेलेल्या मुलींना या भूमिकेचा अर्थ लगेच कळेल. गाईडच्या प्रोजेक्टवर स्टायपेंड आणि स्टायपेंडवर शिक्षण. गाईड सोडला तर ते शिक्षण सुटतं, आणि शिक्षण सुटलं की व्हिसाही जातो.

कुणी म्हणेल, तिच्या सहीचं दुःख तिच्यापाशी. आपल्या वस्तीतल्या बाईला त्याचं काय? फरक पडतो. एम.आय.टी.तच जॉय बुओलाम्विनी नावाची एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी चेहरा ओळखणाऱ्या प्रोग्रामवर काम करत होती. त्या प्रोग्रामला तिचा चेहरा दिसेना. पांढरा मुखवटा घातला तेव्हा दिसला. दुसरा कुणी असता तर दिवा बदलून पुढे गेला असता. तिनं तोच संशोधनाचा विषय केला. टिम्नित गेब्रू यांच्याबरोबर २०१८ साली तिनं दाखवून दिलं की चेहरा पाहून स्त्री की पुरुष ते सांगणारे मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत शंभरात एकदाही धड चुकत नाहीत, पण सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रोग्रामची चूक जवळजवळ ३५ टक्क्यांपर्यंत जाते. आज आपल्याकडे रेशन, पेन्शन, अंगणवाडीचा पोषण आहार या सगळ्यांच्या वाटेत अंगठा किंवा चेहरा ओळखणारं यंत्र येऊन उभं राहिलं आहे. भांडी घासून ज्या बाईच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या, तिला यंत्र ‘तू ती नव्हेस’ म्हणतं. असं यंत्र बनवणाऱ्या टेबलाशी तिची बाजू जाणणारी कुणी बसली होती का, हा प्रश्न आपल्या वस्तीचाच आहे. धुरानं डोळे जाणाऱ्या बाईची चूल हा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे हे मान्य व्हायलाही आपल्या संस्थांना उशीरच लागला. बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यासाठी १९७४ साली वेगळं केंद्र निघालं, तर पवईच्या आय.आय.टी.त ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र यायला १९८५ उजाडलं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे : संशोधक विद्यार्थिनी ही कामगार स्त्री आहे, प्रयोगशाळा हे तिचं कामाचं ठिकाण आहे, आणि संघटनांनी तिच्याकडे त्याच नजरेनं पाहिलं पाहिजे.

कायदा निदान लैंगिक छळाच्या बाबतीत हे मान्य करतो. भंवरीदेवींवरच्या अत्याचारानंतर १९९७ साली ‘विशाखा’चा निकाल आला आणि २०१३ साली कायदा झाला. त्याची शिक्षणसंस्थांसाठीची आयोगाची नियमावली २०१५ ची. ती आपण सगळ्यांनी मिळवून वाचायला हवी, कारण तिच्यात आपल्यासाठी जागा आहे. अंतर्गत समितीत स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेची एक बाह्य सदस्य असते, आणि आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणी अशा समित्यांवर आहेत. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी सदस्य निवडून आलेले असायला हवेत, त्यांत एक संशोधक असायला हवा. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्या व्यक्ती समितीवर चालत नाहीत. सुरक्षेचं निमित्त करून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावता येत नाहीत. रात्री लॅबमध्ये थांबणाऱ्या मुलीसाठी ही ओळ फार मोलाची आहे, आणि बहुतेक रेक्टरबाईंनी ती वाचलेली नसते.

प्रत्यक्षात बाह्य सदस्य म्हणजे वर्षाकाठी एका बैठकीला जाऊन चहा घेऊन, अहवालावर सही करून येणारी बाई, असं पुष्कळ ठिकाणी झालं आहे. आपणही एका खुर्चीत बसून नुसती सहीच देतो. ते बदलायला हवं.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. पाच वर्षं गाईडच्या हाताखाली काढायची आहेत ती मुलगी तीन महिन्यांत तोंड उघडत नाही. ती प्रबंध जमा होईपर्यंत थांबते आणि तोवर मुदत गेलेली असते. पण घटनांची मालिका असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. अडवून ठेवलेली सही हा त्या छळाचाच पुढचा भाग आहे, असं बाह्य सदस्यांनी समितीत आग्रहानं मांडायला हवं. २०१५ च्या नियमावलीनुसार चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदार स्त्रीच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं. ही तरतूद चांगली आहे, पण ती अर्धी आहे. मूल्यमापन त्यानं करायचं नाही, मग गाईड कोण होणार? दुसरा प्राध्यापक शेजारच्या खोलीत बसतो, एकाच विभागाच्या राजकारणात असतो. तो ‘माझा विषय वेगळा’ म्हणून हात झटकतो. यंत्राची किल्ली कुणाकडे राहील? प्रोजेक्टमधून मिळणारा तिचा स्टायपेंड पुढच्या महिन्यात कोण देईल? तिच्या वह्या नि तिचा प्रोग्राम कुणाचा?

आमची एवढीच मागणी आहे की तक्रार आली की समितीच्या पहिल्याच बैठकीत, चौकशी सुरू होण्याआधी, हे चार प्रश्न विचारले जावेत आणि त्यांची उत्तरं इतिवृत्तात लेखी यावीत. गाईड बदलून मागण्याचा अर्ज कारण न देता करता यावा, आणि तो गाईडच्या हातातून जाऊ नये. प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक मुलीला दोन शिक्षकांची नावं मिळावीत, ज्यांतल्या दुसऱ्याकडे पहिल्याचा पैसा नसेल. पेपरवर कुणाचं नाव का आलं, हे एका कागदावर सगळ्यांनी सही करून ठेवावं. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

आमच्याकडे आलेल्या तिघींपैकी एकीनं गाईड बदलून घेतला आहे, एक वर्ष मागे जाऊन. एकीची तक्रार समितीपुढे आहे, तिच्याविषयी इथं अधिक लिहिणं योग्य नाही. तिसरी सोडून गेली. तिच्या विभागात आता तिचा उल्लेख ‘मागच्या वेळी घेतलेली मुलगी’ असाच होत असणार.

पुढच्या अंकासाठी आम्हांला दोन प्रकारचा मजकूर हवा आहे. ज्या वाचक अंतर्गत समित्यांवर बाह्य सदस्य आहेत त्यांनी गेल्या तीन वर्षांत किती बैठकांना बोलावणं आलं, संशोधक विद्यार्थिनींची किती प्रकरणं आली आणि वर दिलेल्या चार प्रश्नांचं काय झालं, ते कळवावं. आणि ज्या स्वतः संशोधन करत आहेत त्यांनी आपलं, संस्थेचं नि गाईडचं नाव न देता, सही किती दिवस अडली आणि ती अडली असताना त्या महिन्याचं भाडं कुठून भरलं, एवढं लिहावं. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.